अर्धं पेरा, अर्धं ठेवा

समाता बोलायला लागली की झाग्यिलीतल्या बकऱ्यासुद्धा चरायचं सोडून मान वर करतात, असं गावातल्या बायका तिच्या पाठीमागे म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. बारा वर्षं ती बायकांची मगाझिया, म्हणजे पुढारीण, होती. शियाच्या झाडाच्या बिया वेचायला रानात कधी जायचं, त्यांचं लोणी कुणाच्या अंगणात घोटायचं, बाळंतिणीच्या घरी पाणी कुणी भरायचं, नवरा-बायकोच्या भांडणात मधे पडायचं की नाही, हे सगळं मगाझियाच्या शब्दावर ठरायचं. समाताचा शब्द एकदा बाहेर पडला की परत फिरत नसे. लहानथोर तिला म्मा म्हणत, म्हणजे आई. जिने खरोखर म्हणायचं ती मात्र नऊ वर्षांपूर्वी आक्राला निघून गेली होती.

सहादा तेव्हा सतरा वर्षांची होती. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या भुईमुगाचं अर्धं पोतं कोठीतून नाहीसं झालं, आणि लोणी घोटायला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर समाताने पोरीला विचारलं, कुणाला विकलंस? सहादा म्हणाली, मी नाही विकलं. समाता म्हणाली, तुझ्यामाझ्याशिवाय कोठीला हात लावतं कोण? पोरगी आणखी एकदा नाही म्हणाली आणि मग गप्प झाली. चौथ्या दिवशी ती गावातल्या दोघींबरोबर बसमध्ये बसली आणि राजधानीच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहायला गेली.

महिन्याभराने समाताच्या नवऱ्याला आठवलं की ते पोतं त्यानेच आपल्या बहिणीकडे पोचवलं होतं. विसरभोळा माणूस. हसत हसत सांगत होता. समाता तेव्हा चुलीवर साघिमचं, म्हणजे रोजच्या घट्ट घाट्याचं, पीठ घाटत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा फिरायला लागला. ती कुणाला काही बोलली नाही. निरोप पाठवायचा होता. उद्या पाठवू, ईदला कुणी जाईल त्याच्याकडे देऊ, असं करता करता नवरा वारला आणि वर्षं सरली. आक्राहून येणाऱ्या बायका सांगायच्या, सहादाने ओझी वाहणं सोडलं, आता ती तिथल्या मादिनाच्या बाजारात वाकये, चवळी घालून शिजवलेला भात, विकते, लग्न झालं, एक मुलगी आहे. दर ईदला कुणाच्या तरी हाती आईसाठी एक कापड यायचं. कापडासोबत शब्द नसायचा. समाता ते पेटीत ठेवून द्यायची.

अशात तामाले शहरातून वुंपिनी आली. अठ्ठावीस वर्षांची, बारीक चणीची मुलगी, मोटारसायकलवर धुळीने लाल होऊन. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून एक छोटी संस्था काढली होती, 'सा लाहाबाली', पावसाची बातमी. चाळीस गावांत त्यांनी पाऊस मोजायची नळकांडी बसवली होती. नळकांड्यांचे आकडे आणि वरून उपग्रहाने काढलेली ढगांची चित्रं एकत्र करून त्यांचा संगणक अंदाज बांधायचा, आणि रोज सकाळी सहाला शेतकऱ्यांचे फोन वाजायचे. पाऊस कधी, पेरा कधी, मक्यावर कुठली अळी दिसतेय, काय करायचं. वाचता येत नसेल तरी चालेल, बटणांचा जुना फोन असला तरी चालेल. एक दाबलं की पुन्हा ऐकू यायचं, दोन दाबलं की आपला प्रश्न बोलून ठेवता यायचा. सकाळचा फोन चुकला तर आपण नंबर लावूनही ऐकता यायचं. पैसा लागत नव्हता.

सगळं छान होतं. फक्त लोक ऐकत नव्हते. फोन उचलायचे आणि कापायचे. फोनवरचा आवाज वुंपिनीचाच होता, आणि म्बा नांतोग्माने तिला तोंडावर सांगितलं. म्बा नांतोग्मा म्हणजे गावातला जुना शेतकरी, तीन एकर मका, आणि जिभेला हाड नाही.

"पोरी, तुझी बोली रेडिओवाल्यांसारखी आहे," तो म्हणाला. "गाणी लावायला बरी. माझ्या मक्याला नाही चालायची."

त्याच दिवशी गावात एक धान्याचा व्यापारी आला होता. त्याच्या मापाच्या पितळीचा तळ आतून ठोकून ठोकून खोल केलेला. समाता त्याला झाडाखाली धरून झाडत होती. आवाज चढलेला नव्हता. ती नुसतं एकेक वाक्य त्याच्यासमोर ठेवत होती, आणि तो प्रत्येक वाक्याला एकेक पाऊल मागे सरकत होता. वुंपिनी मोटारसायकलला टेकून ते सगळं ऐकत राहिली. व्यापारी गेल्यावर ती पुढे झाली, गुडघे टेकून रीतसर नमस्कार-चमत्कार केले, आणि म्हणाली, "म्मा, हा आवाज मला द्याल का?"

"आवाज काय भोपळा आहे," समाता म्हणाली, "कापून द्यायला?"

पण तिने दिला. अट एकच घातली, मला पटलं नाही ते मी बोलणार नाही. आठवड्यातून दोनदा वुंपिनी यायची. बाहेरचा आवाज अडावा म्हणून समाताच्या खोलीत चारी बाजूंनी लुगडी टांगायची, कोंबड्या हाकलायच्या, दार लोटायचं. समाताला वाचता येत नव्हतं. वुंपिनी कागदावरची एक ओळ वाचायची आणि समाता ती आपल्या पद्धतीने बोलायची; ते मुद्रित होऊन फोनवर जायचं. कागदावर 'अळीचा प्रादुर्भाव' असायचं, समाता म्हणायची, "उद्या सकाळी मक्याच्या पोंग्यात डोकावून बघा, आत भुसा दिसला तर समजा ती बया येऊन बसलीय." पहिल्याच आठवड्यात म्बा नांतोग्माने फोन कापायचं सोडलं. दुसऱ्या आठवड्यात तो दारात स्टुलावर फोन ठेवून चार शेजाऱ्यांना ऐकवायला लागला, वर हेही म्हणायचा की मगाझिया आता घरबसल्या शिव्या घालते, आपल्याला चालत जायची तसदी नको.

त्या वर्षी लष्करी अळीने आसपासचा मका चाळणीसारखा केला, पण फोन ऐकणाऱ्यांनी वेळेवर राख आणि औषध टाकून बराच वाचवला. हंगामानंतर समाताने हवाबंद पिशव्यांत मका कसा भरायचा ते सांगितलं, आणि मार्च-एप्रिलमध्ये, ज्या दिवसांत घरोघरी कोठी खरवडायची वेळ येते, त्या दिवसांतही बऱ्याच घरांत न किडलेले दाणे होते. सावेलुगुच्या बाजारात सुक्या मासळीचा भाव करताना एका अनोळखी बाईने तिला नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि दोन मासे जास्त टाकले. समाता घरी येऊन ते कुणाला बोलली नाही, पण त्या दिवशी तिने कालवण जरा जास्तच केलं आणि शेजारी वाटलं.

दुसऱ्या वर्षी ऐकणारे चार हजार झाले. आक्राची एक संस्था होती, असल्या लहान उद्योगांच्या पाठीशी उभी राहणारी. तिथून एफुआ अन्सा नावाच्या बाई येऊन गेल्या. चष्मा, नीट इस्त्रीचा झगा, पण अंगणात स्टुलावर बसून त्यांनी शेंगदाण्याची कुलिकुली कडाकड चावून खाल्ली, म्हणून समाताला बऱ्या वाटल्या. हा हंगाम नीट पार पडला तर दीडशे गावं घेऊ, आणखी तीन भाषा घेऊ, असं त्या म्हणाल्या. वुंपिनी त्या दिवशी उड्या मारायची तेवढी बाकी होती.

आणि त्याच हंगामात ते झालं.

मेच्या मध्यावर एक दणदणीत पाऊस पडला. जमीन ओली झाली आणि सगळ्यांचे हात शिवशिवू लागले. आता फोन काय सांगतो त्याची लोक वाट बघत होते. वुंपिनी कागद घेऊन आली, लुगडी टांगली, आणि तिने वाचलं: पुढच्या चार दिवसांत दुसरा पाऊस यायची शक्यता दहांत सात. अर्धं बियाणं पेरा, अर्धं ठेवा.

समाताने कपाळाला आठ्या घातल्या. दहांत सात म्हणजे काय? पाऊस येतो किंवा येत नाही. गेल्या वर्षभरात एकदाही अंदाज चुकला नव्हता, आणि डळमळत्या आवाजाचं लोक ऐकत नाहीत हे तिला साठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने घसा साफ केला आणि बोलली, "चार दिवसांत पाऊस येतोय. जमीन तयार आहे. पेरा."

वुंपिनीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मग मिटलं. वाक्य इतकं खणखणीत आलं होतं.

चार दिवसांत पाऊस आला नाही. आठ दिवसांत आला नाही. कोंब वर आले, दोन पानं फुटली, आणि मग ती पानं कडेने वळायला लागली. आकाश धुतलेल्या भांड्यासारखं लख्ख. मे संपता संपता झाग्यिलीच्या भोवतालची शेतं पिवळी पडली, आणि तशीच आणखी एकोणचाळीस गावांतली.

म्बा नांतोग्मा सकाळचा आला. त्याने रीतसर विचारपूस केली: झोप झाली का, घरची माणसं कशी, बकऱ्या कशा, हातपाय कसे. समाताने रीतसर उत्तरं दिली. मग तो स्टुलावर बसला आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर मक्याचं एक वाळकं रोप होतं, मुळासकट.

"मी सगळं पेरलं, मगाझिया," तो म्हणाला. "घरात एक मूठ ठेवली नाही."

समाता म्हणाली, पाऊस अल्लाच्या हातात आहे.

"ते मला माहीत आहे. पण फोनवर तू होतीस."

एरवी त्याच्या जिभेला धार असायची. आज नव्हती, आणि समाताला तेच सोसलं नाही. तो रोप स्टुलावर ठेवून गेला.

तिने वुंपिनीला फोन करून बोलावून घेतलं. वुंपिनीसोबत एफुआबाईही आल्या होत्या. गावोगावचे लोक रागावलेत ही बातमी आक्रापर्यंत पोचली होती. पाचशे जणांनी फोन घेणं बंद केलं होतं. समाताने दोघींना पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि वुंपिनीला म्हणाली, त्या दिवशीचा कागद पुन्हा वाच. वुंपिनीने वाचला. मग समाता म्हणाली, आता माझा आवाज लाव. वुंपिनीने लावला. खोलीत समाताचाच आवाज घुमला, खणखणीत, जरासुद्धा न डगमगणारा.

समाता वुंपिनीकडे वळली. मग विचारलं, "तू मला थांबवलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं ठाम बोललात, म्मा," वुंपिनी खाली बघत म्हणाली, "की मलाही खरं वाटलं."

एफुआबाईंनी सांभाळून घेतलं. त्या म्हणाल्या, असं कुठेही होऊ शकतं. यंदा हवामानच विचित्र आहे. एक छोटा निरोप देऊ, निसर्गाच्या लहरीपणामुळे अंदाज चुकला, सर्वांच्या नुकसानीबद्दल आम्हाला वाईट वाटतं, असं काहीतरी. त्यांनी वाक्य तयारही करून आणलं होतं. आपलं चुकलं असं उघड म्हटलं तर उरलेले साडेतीन हजारही फोन ठेवतील अशी त्यांना भीती होती. आणि दीडशे गावांचं काय, हे त्या बोलल्या नाहीत, पण वुंपिनीच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

समाताने ऐकून घेतलं. तिला ते वाक्य वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. ते बोलून टाकलं असतं तर काम झालं असतं. पण तिची नजर स्टुलावरच्या त्या रोपावर गेली, आणि तिला एकदम चुलीसमोरची ती संध्याकाळ आठवली, नवरा हसत होता आणि तिचा हात पिठात थांबला होता. तेव्हाही काहीच न बोलणं असंच सोयीचं वाटलं होतं.

"निसर्ग काही लहरीबिहरी नव्हता," ती म्हणाली. "कागदाने अर्धं सांगितलं होतं. सगळं मी सांगितलं. लुगडी टांग, पोरी."

एफुआबाई काही बोलणार होत्या. वुंपिनीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि उठून लुगडी टांगली.

या खेपेला कागद नव्हता. समाताने पहिल्यांदा सुरुवात केली ती नेहमीच्या खणखणीत आवाजात, आणि स्वतःच हात वर करून थांबवलं. पाणी प्यायली. दुसऱ्यांदा वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि बोलली, आणि वुंपिनीने त्यातला एक शब्दही नंतर कापला नाही.

"मी झाग्यिलीची समाता. तुमची पेरणी वाळली ती पावसाने नाही, या मुलांच्या यंत्रानेही नाही. यंत्राने सांगितलं होतं की अर्धं पेरा, अर्धं ठेवा. मला ते कच्चं वाटलं, म्हणून मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मला कधी चूक कबूल करता आली नाही. घरातही नाही आली. आज करते. माझं चुकलं. माझं चुकलं. आता ज्यांच्याकडे बियाणं आहे त्यांनी थांबा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन दाबून गावाचं नाव सांगा. लवकर येणारी चवळी आणि मका कुठे मिळतो ते ही मुलं शोधतायत. झाग्यिलीच्या लोकांनी माझ्या दारात या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन गेला. समाता आठ वाजता कोठी उघडून बसली. तिचं स्वतःचं बियाणं, भुईमूग आणि चवळी, जून लागल्यावर पेरायचं म्हणून राखलेलं. बायका आल्या, पुरुष आले, कुणी डोळ्याला डोळा न भिडवता. ती भोपळ्याच्या तुंब्याने प्रत्येकाच्या टोपलीत माप टाकत होती, शीग लावून. म्बा नांतोग्मा सर्वांत शेवटी आला. तिने त्याला दोन तुंबे घातले. त्याने टोपलीत पाहिलं आणि म्हणाला, "तू काय पेरणार?"

"अर्धं ठेवलंय," समाता म्हणाली.

तो हसला नाही, पण जाताना त्याने तिच्या दारातली पाण्याची घागर उचलून सावलीत ठेवली.

फोन बंद केलेल्यांपैकी किती परत आले ते लगेच कळलं नाही. वुंपिनी आणि तिचे मित्र दिवसभर लोकांनी बोलून ठेवलेले प्रश्न ऐकत बसायचे, गावांची नावं उतरवायचे, बियाण्यासाठी वणवण करायचे. एफुआबाई आक्राला न जाता आठवडाभर तामालेत राहिल्या आणि ओळखीच्या तीन बियाणे केंद्रांना त्यांनी फोन करकरून हैराण केलं. चवळी आली. लवकर पिकणारा मका थोडा आला. खरा पाऊस जूनच्या वीस तारखेनंतर लागला, आणि कागदावर जे लिहिलं होतं ते समाताने जसंच्या तसं सांगितलं, दहांत सात तर दहांत सात. तिला एव्हाना ते कसं समजवायचं ते सापडलं होतं: "दहा कोंबड्यांतल्या सात अंडी देतील, तीन देणार नाहीत. कुठल्या तीन ते मला माहीत नाही."

पाऊस लागायच्या आधी, कबुलीचा फोन गेला त्याच्या दुसऱ्याच दुपारी, वुंपिनी ठरलेला दिवस नसताना आली होती. मोटारसायकल नीट उभीही केली नाही. म्हणाली, म्मा, एक प्रश्न आलाय, तो शेतीचा नाही. मी ऐकला आणि मग बंद केला, कारण तो माझ्यासाठी नव्हता.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, आक्राचा एक नंबर गेलं वर्षभर रोज सकाळी आपल्याला फोन करतो. आम्हाला वाटायचं चुकून लागत असेल, आक्रात कुणाला झाग्यिलीचा पाऊस कशाला हवा. कालपर्यंत त्याने कधीच दोन दाबलं नव्हतं.

तिने फोन समाताच्या हातात दिला आणि स्वतः अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून उभी राहिली.

समाताने फोन कानाला लावला. आधी नुसता बाजाराचा गलका आला. मग एक बाई बोलली. आवाज जाडसर झाला होता, पण पहिल्या शब्दालाच समाताने तो ओळखला.

"मला पेरायचं काही नाही," आवाज म्हणाला. "माझी मुलगी चार वर्षांची आहे. रोज सकाळी मी हा नंबर लावते, ती पण कान लावून ऐकते. ती मला विचारते, फोनमधली बाई कोण? मी सांगते, कुणी नाही, पावसाची बाई आहे. आज ऐकल्यावर मी रडले, तर ती पुन्हा विचारते. तिला आता काय सांगू, ते मला कळवा."

एवढंच होतं. समाताने एक दाबलं आणि पुन्हा ऐकलं. आणखी दोनदा ऐकलं. मग तिने वुंपिनीला हाक मारली. वुंपिनीला वाटलं, आता उत्तर बोलून घ्यायचं असेल, म्हणून ती टांगायची लुगडी पेटीतून काढायला लागली.

"राहू दे ते," समाता म्हणाली. "सरळ तिला लाव."

वुंपिनीने नंबर लावून फोन दिला. घंटी बराच वेळ वाजली. मग पलीकडून उचलला गेला. भाताच्या पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक असणार.

समाताने विचारपूस केली नाही. झोप झाली का, घरची कशी, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने रीत सोडली.

"ते पोतं तुझ्या बापाने आत्याकडे दिलं होतं," ती म्हणाली. "मला महिन्याभरात कळलं होतं."

"मला माहीत आहे," सहादा म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आत्यानेच. त्याच वर्षी, निरोप पाठवून."

समाताने फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाली, "मग आली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

अंगणातल्या कोंबड्या पायात आल्या, समाताने हाकलल्या नाहीत. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं. पलीकडे कुणीतरी पानात बांधलेला भात मागत होतं आणि सहादा त्याला सांगत होती, जरा थांब, मी आईशी बोलतेय. तो शब्द समाताच्या कानावर नऊ वर्षांनी आला होता. सहादाच मग बोलत राहिली: मुलीचं नाव आजीवरूनच समाता ठेवलंय, घरी तिला सामी म्हणतात, नवरा बरा आहे, गाडी चालवतो, पातेलं मोठं घेतलंय, आणि आई, तुझा खोकला काही बरा दिसत नाही, मध्यंतरी सलग तीन दिवस फोनवर खोकत होतीस. काहीतरी घे.

"घेतलं होतं," समाता म्हणाली. ते खोटं होतं, आणि सहादाला ते लगेच कळलं, आणि दोघी हसल्या.

त्या वर्षी मका निम्माच आला. चवळी मात्र बरी झाली, आणि भुईमूग ज्यांनी उशिरा पेरला त्यांचा दाणा भरला. कुणाची कोठी भरून वाहिली नाही, पण झाग्यिलीत कुणी बियाणं खाऊन दिवस काढले नाहीत. फोन सोडलेल्या पाचशेपैकी तीनशे परत आले. म्बा नांतोग्मा म्हणायचा, खोटं बोलणारे पुष्कळ ऐकले, चुकलं म्हणणारी एकच ऐकली, म्हणून ठेवलाय फोन. एफुआबाईंच्या संस्थेने दीडशे गावं दिली नाहीत, सत्तर दिली. मात्र एक अट घातली, आणि ती एफुआबाईंनी स्वतः लिहिली होती: अंदाज चुकला तर त्याच आवाजात, त्याच आठवड्यात, लोकांना सांगायचं. वुंपिनीने ती वाचून दाखवली तेव्हा समाता म्हणाली, "बाई शहाणी झाली." पण चेहऱ्यावरून तिला बरं वाटलेलं दिसत होतं.

नोव्हेंबरात, शेंगा वाळत घातल्या होत्या त्या दिवसांत, सहादा आली. ऊन डोक्यावर असताना बस फाट्यावर थांबली, आणि ती डोक्यावर पेटी, एका हाताला मुलगी, अशी चालत आली. अंगणाच्या तोंडाशी येऊन तिने गुडघे टेकले. समाताने तिला उठवलं नाही. स्वतःच खाली बसली तिच्यासमोर, जमिनीवर, आणि तिच्या डोक्यावरची पेटी आपल्या हाताने उतरवून घेतली. सगळ्या बायका जमल्या होत्या. ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी तो प्रश्न ऐकला होता त्यांतल्या चार-पाच जणी त्यांत होत्या. समाताने सर्वांसमोर सांगितलं की माझ्या पोरीने तेव्हा काहीही घेतलं नव्हतं. बायका म्हणाल्या, आम्हाला ठाऊक होतं, म्मा. तुलाच सांगायची आमची हिंमत नव्हती.

सामी मात्र आजीजवळ यायला तयार होईना. आईच्या मागे लपून ती या म्हाताऱ्या बाईकडे बघत होती. सहादा म्हणाली, हीच ती, फोनमधली. मुलीने मान हलवली. फोनमधली बाई मोठी असते, तिने ठामपणे सांगितलं. ही नाही.

"आवाज ऐक ना तिचा," सहादा म्हणाली.

सामीने ऐकलं. तरी पटेना. समोर माणूस दिसतंय आणि आवाज फोनमधल्यासारखा, हे तिला काही जुळत नव्हतं. शेवटी तिने आईला नंबर लावायला सांगून तिचा फोन मागून घेतला आणि आजीला बोटाने खोलीकडे खुणावलं. आत जा, तिथून बोल.

बायका हसायला लागल्या. मगाझियाला असं कुणी बोटाने हाकललेलं झाग्यिलीने पाहिलं नव्हतं. समाता आपला फोन घेऊन उठली, गुडघ्यावर हात टेकत खोलीत गेली, आणि तिने दार लोटून घेतलं. आत अंधार आणि गारवा होता. तिच्या हातातला फोन वाजला.

"कोण बोलतंय?" समाताने विचारलं.

"मी सामी," पलीकडून अगदी हळू आवाज आला, फोनमधूनही आणि भिंतीपलीकडूनही. "तू आहेस का?"

"आहे."

मग सामी सांगायला लागली. बसमध्ये किती लोक होते, एक बकरीपण होती, तिने आईचं कापड चावलं, वाटेत आम्ही अंडं खाल्लं, मी एक खाल्लं आणि आईने दोन. समाता भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले, आणि प्रत्येक गोष्टीला हं, हं म्हणत राहिली.